पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यांविषयी खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जो कुणी शाळा सुटल्यावरही वाचत राहतो, त्याला हे प्रश्न जन्मभर पुरतात. काही त्याच्या तोंडावर विचारले जातात, काही त्याच्या आईला, काही सोयरीक जुळवताना मध्यस्थाला. तालुक्याच्या गावातल्या एका लहान वाचनालयाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. वाचणारेही भेटतात आणि त्यांच्यावर वैतागलेले घरचे लोकही. दोघांसाठी हे लिहिते आहे.

इतकं वाचून मिळतं काय?

गावात हा प्रश्न अहिराणीत येतो: "इतलं वाचीसन काय करशी?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. आपल्याकडे कष्टाचं मोल हंगामाला कळतं. कापूस वेचला की क्विंटलमध्ये मोजतात, केळीचे घड उतरले की काट्यावर चढतात. वाचलेलं कुठल्या काट्यावर घालायचं, एवढंच त्याला कळत नसतं. म्हणून त्याच्यावर चिडू नये आणि उगाच फायद्यांची यादीही वाचून दाखवू नये.

खरं उत्तर असं की पैसा सहसा मिळत नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायची सवय मात्र लागते. तापीकाठच्या माणसाला कोकणातल्या कुळाची, मुंबईतल्या गिरणी कामगाराची, सीमेपलीकडच्या निर्वासिताची बाजू घरबसल्या कळते. पुढे भावकीत वाद झाला की हाच माणूस थांबून विचार करतो, समोरचा असं का बोलला असेल. दुसरं म्हणजे, आपल्या मनात जे कोंडलेलं असतं ते कुणीतरी आधीच नीट मांडून ठेवलेलं सापडतं. बाप गेल्यावर महिनाभर कुणाशी न बोललेला एक तरुण आमच्याकडे रोज संध्याकाळी येऊन बसायचा. एक दिवस पुस्तक परत करताना म्हणाला, "ताई, हे माझंच लिहिलंय." त्यानंतर तो घरी आईशी बोलायला लागला. हे कुठल्याही काट्यावर चढत नाही, तरी ते मिळालेलंच असतं.

खूप वाचणारे लोक माणूसघाणे असतात का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

वाचणारा माणूस लोकांना कसा दिसतो ते बघा. मान खाली, समोर पुस्तकाचा पुठ्ठा, हाक मारली की दोन क्षणांनी "हं?" लग्नाच्या मांडवात सगळे गप्पा मारतायत आणि हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पानं उलटतोय. बघणाऱ्याला फक्त पुठ्ठा दिसतो, आतलं दिसत नाही. आतलं न दिसणारं काहीतरी आपल्यापेक्षा त्याला जास्त प्रिय आहे, हे मनाला लागतं. मग "शिष्ट झालाय" असा शिक्का बसतो.

आता थोडं मागे जाऊ. वाचणं ही गोष्ट आपल्या गावांत फार काळ एकट्याची नव्हतीच. श्रावण लागला की मंदिरात किंवा कुणाच्या ओट्यावर पोथी लागायची. अक्षर ओळखणारा एखादाच असायचा, तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बाया गहू निवडता निवडता ऐकायच्या, म्हातारे खांबाला टेकून. अध्याय संपला की कोण बरोबर, कोण चूक यावर तासभर बोलणं चालायचं. तेव्हा वाचणारा माणूस कोपऱ्यात नव्हता, सगळ्यांच्या मधोमध बसलेला होता. त्याला कुणी माणूसघाणा म्हटलं नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली हेच घडलं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलले. एकूण अठरा प्रवचनं झाली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरवून घेतली. एकाने आयुष्यभर वाचलेलं तोंडी सांगितलं, दुसऱ्याने कागदावर आणलं आणि ज्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं तेही त्या अंगणात बसून ऐकत होते. वाचन आणि माणसांचा सहवास यांत वैर नाही, हे खान्देशला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

मुकं वाचन आलं तेव्हापासून अंतर पडलं. त्यात दोष वाचणाऱ्याचा नाही, पण उपाय त्याच्याच हातात आहे: वाचलेलं सांगा. जेवताना दोन वाक्यं सांगा. शेजारचे आबा पेपर वाचून दाखव म्हणाले तर दाखवा. पुठ्ठ्यामागे काय चाललंय हे लोकांना एकदा कळलं की निम्मा संशय जातो.

आणि हो, काही वाचणारे खरंच अबोल असतात. न वाचणाऱ्यांतही अबोल असतात. त्यांना मात्र "शांत स्वभावाचा" म्हणतात.

फार वाचलं की डोकं फिरतं, हे खरं आहे का?

नाही. ज्याला मनाचा आजार आहे त्याला डॉक्टरांकडे न्यावं. पुस्तकांना दोष देऊन उपचार लांबवू नयेत, ही विनंती.

विक्षिप्त वाटणारी माणसं असतात, ते मान्य. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कमालीचे फटकळ आणि एकांडे म्हणून ओळखले जायचे. गावोगाव पायपीट करून त्यांनी वाड्यांतली, माळ्यांवरची कागदांची बाडं शोधली. त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले. या एकट्या माणसाचे कागद धुळेकरांनी रद्दीत जाऊ दिले नाहीत. त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, ते आजही धुळ्यात आहे. एका पुस्तकवेड्याला गावाने कसं सांभाळावं, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सहज सापडणार नाही.

डोळे बिघडतात ना?

अंधुक उजेडात वाचलं तर डोळ्यांवर ताण येतो, ते कोरडे पडतात, डोकं दुखतं. त्याने डोळे कायमचे जातात असं मात्र नाही. मुलांना लांबचं कमी दिसू लागण्यामागे आनुवंशिकता असते. सतत जवळचं बघणं आणि दिवसाच्या उजेडात बाहेर कमी खेळणं यांचाही संबंध आढळला आहे. म्हणून पुस्तक हिसकावू नका, संध्याकाळी मुलाला बाहेर पिटाळा. वाचताना मधूनमधून मान वर करून लांबवर बघायची सवय लावा.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून कथा-कादंबऱ्या कशाला?

आज तालुक्याच्या वाचनालयात गेलात तर अभ्यासिका भरलेली आणि कादंबऱ्यांचं कपाट ओस, असं चित्र दिसतं. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. मुलं सकाळी डबा घेऊन येतात, रात्री दिवे बंद होईपर्यंत बसतात. त्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. घरचं दोन एकर कोरडवाहू आणि भाऊ-बहिणी मागे, अशा मुलाला "मौजेसाठी वाच" म्हणणं मला जमत नाही.

पण पालकांना एक सांगते. रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं कथा वाचल्याने परीक्षा बुडत नाही. उलट, निबंध आणि मुलाखतीत ज्याच्याकडे स्वतःची वाक्यं असतात तो वेगळा उठून दिसतो, आणि स्वतःची वाक्यं गाइड पाठ करून येत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, यादीत नाव न आलेल्या मुलाजवळ परीक्षेपलीकडचं काहीतरी असायला हवं. निकालाच्या दिवशी अभ्यासिकेतल्या खुर्च्या मोकळ्या होतात. त्यानंतरही जी मुलं वाचनालयात येत राहतात, ती बहुतेक कादंबऱ्यांच्या कपाटाशी ओळख झालेली असतात.

मुलगी किंवा सून वाचत बसलेली घरात खपत नाही. काय करावं?

आधी मान्य करू की हे आहे. मुलगा वाचत बसला तर तो "अभ्यासू" असतो आणि मुलगी वाचत बसली तर "कामाच्या वेळी पुस्तक कसं सुचतं" असतं. सुनेचं तर विचारूच नका. भाकऱ्या, धुणं, गुरांचं, मुलांचं उरकून दुपारी जो अर्धा तास तिचा उरतो त्यात तिने झोपावं किंवा निवडण-टिपण करावं, अशी सगळ्यांची समजूत. त्या वेळात तिने पुस्तक उघडलं की घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच पाणी हवं असतं.

आमच्याकडे एक वयस्क शेतकरी दर शनिवारी बाजाराच्या पिशवीतून पुस्तक घेऊन यायचे. ते स्वतः वाचत नव्हते. सून बाहेर पडली तर भावकीत बोलणं होईल, म्हणून तिची पुस्तकं ते स्वतः बदलायचे. खिशात तिने लिहून दिलेली चिठ्ठी असायची. त्यात तीन-चार नावं आणि खाली एक ओळ: "हे नसेल तर ताईंना विचारून जाड बघून आणा." जाड, कारण ते आठवडाभर पुरायला हवं. पुढे कधीतरी त्या नानांनी मला विचारलं, "यात असतं काय एवढं? ती वाचताना हसते." मी म्हटलं, तिलाच विचारा. पुढच्या शनिवारी त्यांनी मला अर्धी गोष्ट सांगितली आणि राहिलेली अर्धी ती आज सांगणार आहे म्हणाले.

नाना प्रत्येक घरात नसतात. ज्या घरात नसतात तिथल्या बायकांना माझा सल्ला असा: लपवून वाचू नका. लपवलेल्या पुस्तकाभोवती संशय वाढतो. वेळ ठरवा आणि तो चार दिवस घट्ट धरा, पाचव्या दिवशी घराला त्याची सवय होते. सासूबाईंना दिसत नसेल तर दिवाळी अंकातली एखादी कथा त्यांना वाचून दाखवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलीला झोक्यासोबत दोन दुपारी मोकळ्या वाचायला द्या, एवढी विनंती आयांना. सासरी त्या मिळतीलच असं नाही.

वाचणारे लोक न शिकलेल्यांना कमी लेखतात का?

काही लेखतात, आणि ते वाईट आहे. अशा माणसाला खान्देशात तरी असं वागायचा अधिकार नाही, कारण आपली सगळ्यात मोठी कवयित्री लिहू-वाचू शकत नव्हती.

बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. शाळेत गेल्या नाहीत. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांनी ओव्या रचल्या, त्या ऐकून घरच्यांनी कागदावर उतरवल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. आई १९५१ साली गेल्यावर त्यांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. आता जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. जिला अक्षर येत नव्हतं तिच्या ओळींवर लोक पीएच.डी. करतात.

यातून वाचणाऱ्याने घ्यायचं ते एवढंच: समोरच्या आजीला अक्षर येत नाही म्हणजे तिच्याजवळ भाषा नाही, असं नव्हे. तिची ओवी, तिची म्हण, तिने सांगितलेली कानबाई देवीची गोष्ट लिहून ठेवा. सोपानदेवांसारखं कुणी घरात नव्हतं म्हणून किती बायकांची गाणी त्यांच्याबरोबर गेली असतील, हा विचार मला फार छळतो. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याच्यावर ही जबाबदारी आहे.

पोरगा वाचायला लागल्यापासून घरात "छापील" बोलतो. लोक हसतात.

"आते हाऊ शहरना मायेक बोलस" (आता हा शहरातल्यासारखा बोलतो) हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. पुस्तकांची मराठी तोंडात बसते आणि घरची अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिलोरी मागे सरते. मुलाला वाटतं आपण सुधारलो. आईला वाटतं लेकरू दूर गेलं. दोघांचंही दुखणं खरं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: पुस्तकाची भाषा पुस्तकाच्या जागी आणि घरची भाषा घरी. आईने "जेवाले ये" म्हटलं तर त्याच भाषेत "उनू" (आलो) म्हणावं. दोन भाषा असणं ही श्रीमंती आहे, एकीसाठी दुसरी टाकायची नसते. शिक्षकांनीही वर्गात मुलाच्या तोंडून घरचा शब्द आला तर हसू नये. सातपुड्याच्या पाड्यांवरची कितीतरी मुलं पहिलं पुस्तक उघडतात तेव्हा त्यातला एकही शब्द त्यांच्या घरचा नसतो. तरीही ती वाचायला शिकतात. त्यांचं खरं कौतुक व्हायला हवं.

मोबाइलवर वाचलेलं वाचन धरायचं का?

पुस्तक असेल तर धरायचं. केळीच्या गाडीबरोबर रात्रभर प्रवास करणाऱ्या ड्रायव्हरने कानात कादंबरी ऐकली तर तेही धरायचं. ओट्यावरची पोथी आपण ऐकतच आलो आहोत.

स्थळाच्या बायोडेटात "वाचनाची आवड" लिहावं का?

खरी असेल तर लिहा. नुसतं तेवढं लिहू नका, अलीकडे काय वाचलं तेही लिहा. दोन्ही बाजूंनी तेच लिहिलेलं असतं आणि पहिल्या भेटीत कुणालाच एक नाव सांगता येत नाही, हे मी पाहिलं आहे. आवड नसेल तर बिनधास्त वगळा. न वाचणारा जोडीदार वाचणाऱ्याला दिवसातला तासभर बिनतक्रार देत असेल, तर तो संसार उत्तम चालतो.

पुस्तक मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

नातलगांना नाही म्हणता येत नाही, म्हणून पुस्तक जातं आणि परत येत नाही. मग वाचणारा माणूस कंजूष म्हणून बदनाम होतो. एक वही करा. नाव, पुस्तक, तारीख लिहा आणि ते समोरच लिहा, त्यात अपमान काही नाही. जे पुस्तक गेलं तर तुम्हाला झोप लागणार नाही ते देऊच नका. त्याऐवजी "घरी येऊन वाच, चहा घे" म्हणा.

उन्हाळ्यात पुस्तकं खराब होतात. कशी सांभाळावी?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतल्या पुस्तकांचा डिंक वाळून पानं सुटतात. पत्र्याखाली आणि पश्चिमेच्या भिंतीला कपाट ठेवू नका. पावसाळ्यात वाळवी भिंतीतून येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली विटा. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका, तो घरोघरी असतो. कपाट बंद करून ठेवण्यापेक्षा पुस्तकं वर्षातून दोनदा बाहेर काढून, झटकून, सावलीत वारा देऊन परत लावा. सुटलेली पानं चिकटपट्टीने जोडू नका. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि कागद खाते. खळ लावा.

घरात कुणीच वाचत नाही, पोर मात्र वाचतं. आम्ही काय करायचं?

अभिमान वाटत असेल तर मनात ठेवा. पाहुण्यांसमोर "आमचं पोर पुस्तकाशिवाय जेवत नाही" असं दाखवू नका, मुलं त्याने ओशाळतात. काळजी वाटत असेल तर तीही दर जेवणाला बोलून दाखवू नका. त्याला उजेडाची जागा द्या. काय वाचलं ते विचारा आणि विचारल्यावर ऐका. १५ ऑक्टोबरला शाळेत वाचन प्रेरणा दिन होतो, त्या एका दिवसावर भिस्त ठेवू नका.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने रोजचा अंक लिहायचे, तेच ते छात्रालय दैनिक. मुलांजवळ वाचायला काही नसेल तर आपण लिहून द्यायचं, एवढा तो सरळ विचार होता. तुम्हाला लिहिता येत असेल तर आजोबांच्या तोंडची एक गोष्ट वहीत लिहून मुलाला द्या. तो ती वाचेल याची मला खात्री आहे.

पुस्तकं मिळतात कुठे, आणि सभासद व्हायला काय लागतं?

विकतच घ्यायला हवीत असं नाही. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचं आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं मोठ्या गावांतही आहेत. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. ड वर्गाचं वाचनालय लहान असलं तरी मागणी लिहून दिलीत तर पुढच्या खरेदीत तुमचं पुस्तक येऊ शकतं, म्हणून मागणीची वही मागून घ्या. दिवाळीनंतर बऱ्याच ठिकाणी ठरावीक रक्कम भरून सगळे दिवाळी अंक वाचायची योजना असते. ज्यांना जाड पुस्तकाची भीती वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी.

सभासद होण्यासाठी साधारणपणे एक अर्ज, राहण्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी लागते. वाचनालय सोडताना अनामत परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात. लांबच्या गावाहून एस. टी. ने येणार असाल तर उघडण्याची वेळ आधी फोन करून विचारा आणि एका फेरीत दोन पुस्तकं देतात का तेही विचारून घ्या.